दीड ग्रॅम

हंगाम चालू असताना रात्री बाभळेश्वरहून लोणीकडे गाडी वळवली, की काचा वर असल्या तरी एक वास आत येतो. आंबूस, गोडसर, शेवटाला किंचित जळका. आमच्या भागातल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. कारखाना चालू आहे, डिस्टिलरी चालू आहे, एवढं त्यावरून कळतं. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नगर जिल्ह्याचं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचं, नशीब उसाशी बांधलं गेलं. साखरेशी, आणि साखरेमागून येणाऱ्या मळीशी.

मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा, चिकट पाक. टनभर ऊस गाळला की साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. तिच्यात पाणी घालून यीस्ट सोडलं की ते सूक्ष्म जीव उरलीसुरली साखर खायला लागतात. हवा नसताना साखर खाल्ली की त्यांच्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि अल्कोहोल. खाली जाळ नसताना टाकी खदखदते, ती या बुडबुड्यांमुळे. अल्कोहोल फार वाढलं की यीस्ट स्वतःच तयार केलेल्या त्या पाण्यात मरायला लागतं. मग पुढचं काम उकळून वाफ धरण्याचं, म्हणजे ऊर्ध्वपातनाचं. टनभर उसामागे शेवटी दहा-अकरा लिटर इथेनॉल हाती येतं.

इथेनॉलचा रेणू अगदी लहान. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, असे सगळे मिळून नऊ अणू. डिस्टिलरीतून बाहेर पडल्यावर त्याला दोन मोठे रस्ते फुटतात. एका रस्त्यानं तो जवळजवळ पूर्ण कोरडा करून तेल कंपन्यांकडे जातो आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळला जातो. दुसऱ्या रस्त्यानं तो बाटलीत जातो. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची ब्रँडी देशभर विकली जाते, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊकही नसतं. इंधनाच्या इथेनॉलमध्ये ते कुणी पिऊ नये म्हणून विषारी द्रव्य मिसळलेलं असतं, त्यामुळे त्याच्या वाटेला कुणी जाऊ नये. पण मूळ रेणू तोच. हे मला पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो आणि अजूनही होतो. गाडीच्या टाकीत जे जळतं आणि ढाब्यावरच्या ग्लासातून माणसाच्या रक्तात जे उतरतं, ते एकच. गाडीला ते पेलतं. चालवणाऱ्याला किती पेलतं, याचा हिशेब फार चकित करणारा आहे.

कायद्यानं तो हिशेब एका आकड्यात मांडला आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून दीड ग्रॅम. द्रवाच्या मापात सांगायचं तर दोन मिलिलिटरसुद्धा नाही. औषधाचा छोटा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. तो अर्धाही भरणार नाही एवढं अल्कोहोल पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंतच्या सगळ्या रक्तात पसरलेलं असेल, तर कायदा म्हणतो, आता स्टिअरिंगला हात लावू नकोस.

अर्थात पोटात गेलेलं सगळं अल्कोहोल रक्तातच राहत नाही. ते पाण्याशी कुठल्याही प्रमाणात एकजीव होतं, आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे. स्नायू, यकृत, मेंदू, डोळ्यातलं पाणी, सगळीकडे ते पोचतं. एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी याचं गणित बसवलं, आणि आजही न्यायवैद्यकात ते वापरतात. त्याच्या गणितानं सत्तर किलोचा पुरुष ६० मिलिलिटरचा एक पेग रिकाम्या पोटी पटकन प्यायला, तर रक्तात ४० मिलिग्रॅमच्या आसपास पोचतो. म्हणजे एका मोठ्या पेगमध्ये मर्यादा ओलांडली. १८० मिलिलिटरची चपटी संपवली तर १२५-१३० मिलिग्रॅम. बाईचं वजन तेवढंच असलं तरी शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तोच पेग तिच्या रक्तात जास्त आकडा दाखवतो. ‘आपल्याला एवढ्यानं काही होत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या अंगातही पाणी तेवढंच असतं. सवयीनं चढल्याचं जाणवायचं कमी होतं, रक्तातला आकडा कमी होत नाही.

आपण मराठीत ‘चढली’ म्हणतो आणि ‘उतरली’ म्हणतो. चढणं झपाट्याचं आहे, उतरणं अतिशय धिमं, आणि या धिमेपणातच सगळा धोका आहे.

यकृतात एक विकर असतं, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज. ते इथेनॉलचे हायड्रोजन काढून घेतं. त्यातून आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, मग अॅसिटेट, आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. इंजिनातही इथेनॉल जळून शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइडच होतं. म्हणजे आपलं यकृत ही एक थंड भट्टी आहे, ज्वाळेशिवाय जाळणारी. ती आपल्याला मिळाली कशी, याचीही गोष्ट आहे. आपल्या वानरपूर्वजांमध्ये सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी अशा एका विकरात छोटासा बदल झाला आणि ते इथेनॉल पूर्वीपेक्षा चाळीस पट चांगलं पचवू लागलं, असं २०१४ साली संशोधकांनी दाखवलं. पूर्वज झाडावरून जमिनीवर येऊ लागले होते त्या काळाशी हे जुळतं. खाली पडलेली, आंबायला लागलेली फळं खाणाऱ्याला हा बदल उपयोगी पडला असणार. ही भट्टी मुरलेल्या फळातल्या चिमूटभर अल्कोहोलसाठी घडली आहे. तिला चपटीचा अंदाज नाही.

म्हणून तिचा वेग ठरलेला. रक्तातला आकडा ती तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं खाली आणते. कुणाचा १०, कुणाचा २०. जास्त प्यायलं म्हणून ती जास्त वेगानं चालत नाही. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, उलटी, बडीशेप, पान, यातल्या कशानंही तिचा वेग वाढत नाही. कॉफीनं झोप जाईल, पण जागा झालेला तो माणूस रक्तात तेवढंच अल्कोहोल घेऊन जागा असेल. मला वाटतं, दारूविषयी एकच गोष्ट शाळेत शिकवायची झाली तर हे तासाला पंधरा शिकवावं.

आता मेंदूत काय होतं ते पाहू. मेंदूच्या पेशी एकमेकींना दोन तऱ्हेचे निरोप देतात, ‘चल’ आणि ‘थांब’. अल्कोहोल ‘थांब’वाल्या गाबा यंत्रणेला जोर देतं आणि ‘चल’वाल्या ग्लुटामेटला दाबतं. सगळा कारभार मंदावतो. पण मंदावण्याची सुरुवात आपल्यावर नजर ठेवणाऱ्या भागांत लवकर होते, ‘हे बरोबर का चूक’ हे तोलणाऱ्या पुढच्या मेंदूत. म्हणून पिणाऱ्याला वाटतं, आपण आज जास्तच छान बोलतोय, जास्तच छान चालवतोय. परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच माणूस, आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यावर आधी झापड आलेली.

कानाची गोष्ट तर मला सर्वांत विलक्षण वाटते. आतल्या कानात पाण्यानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. प्रत्येकीत जेलीसारखा एक नाजूक पडदा. डोकं वळलं की पाणी मागे रेंगाळतं, पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. हे काम चोख व्हायला पडद्याची घनता आणि पाण्याची घनता जवळजवळ सारखी असावी लागते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, आणि ते रक्तातून आधी पडद्यात शिरतं, नळीतल्या पाण्यात नंतर. मधल्या काळात पडदा हलका होऊन तरंगायला लागतो. डोकं स्थिर आहे, पण कान सांगतो की आपण फिरतोय. पिऊन आडवं झाल्यावर खोली गरगरते ती यामुळे. सकाळी उलटं होतं. पडद्यातून अल्कोहोल आधी निघून जातं, पाण्यात अजून असतं, आणि खोली परत फिरते. डोळ्यांच्या बुबुळांना या फिरण्यामागे जावं लागतं, ती थरथरतात. समोरच्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर पडला तर पुन्हा नीट दिसायला जास्त वेळ लागतो. कडेचं दिसणं आखडतं.

हे सगळं आपल्या रस्त्यावर आणून बघा. डिसेंबरची रात्र, नगर-मनमाड रस्ता. ताशी ८० किलोमीटरनं गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी दिसणं, ते काय आहे ते कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, याला शुद्धीतल्या माणसाला एक सेकंद लागतो असं धरलं आणि प्यायलेल्याला दीड, तर अर्ध्या सेकंदाचा फरक ११ मीटरचा. एका एसटीच्या लांबीएवढा. आणि समोर काय असतं? उसानं खच्चून भरलेली ट्रॉली, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला किंवा उसाच्या वाढ्यानं झाकलेला, चाक पंक्चर म्हणून निम्मी रस्त्यावर उभी. ट्रॉलीखाली जॅक लावून बसलेला ड्रायव्हर. मागून येणाऱ्या गाडीचा दिवा वाढ्यावर पडतो तेव्हा ते हिरवं दिसत नाही, राखाडी दिसतं, डांबराच्याच रंगाचं. शुद्धीत चालवणाऱ्यालाही ती ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. प्यायलेल्याकडे तो शेवटचा क्षण नसतो.

माणसं पिऊन गाडी चालवायला लागली ती मोटार आल्याबरोबरच. लंडनला १० सप्टेंबर १८९७ रोजी जॉर्ज स्मिथ या टॅक्सीवाल्यानं गाडी एका इमारतीला धडकवली आणि त्याला २५ शिलिंग दंड झाला. मोटार पिऊन चालवल्याबद्दल शिक्षा झालेला हा पहिला माणूस मानतात. तेव्हा मोजायला काही नव्हतं. माणूस सरळ चालतो का, तोंडाला वास येतो का, यावर भागायचं. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कायद्यात घालणारा पहिला देश नॉर्वे, १९३६ साली. आणि १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी श्वासावरून मोजणारं सुटसुटीत यंत्र बनवलं.

श्वासावरून रक्तातलं कसं कळतं? सोड्याच्या बाटलीत जो नियम चालतो तोच छातीत चालतो. द्रवात विरघळलेला वायू आणि त्यावरच्या हवेतला वायू यांचं प्रमाण एका तापमानाला ठरलेलं असतं. फुप्फुसातले कोट्यवधी फुगे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा एक फ्लॅट. या सगळ्या पृष्ठभागावर रक्त आणि हवा यांच्यात एक तलम पापुद्रा असतो. त्यातून अल्कोहोल हवेत येतं. एक मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल असतं तेवढंच २१०० मिलिलिटर खोल श्वासात असतं, असं धरून यंत्र आकडा काढतं.

नाकाबंदीवर एकदा मी हे यंत्र हातात घेऊन पाहिलं आहे. मुठीत मावणारं, मोबाइलपेक्षा थोडं जाड. वरच्या भोकात नवी नळी बसवायची, ती प्रत्येकाला वेगळी. फुंकर लांब मारावी लागते, कारण सुरुवातीची हवा तोंडातली आणि घशातली असते. यंत्राला हवी असते ती शेवटची, तळातून आलेली. फुंकर तुटली तर ते नापास करतं. आत प्लॅटिनमच्या दोन पत्र्या असतात. श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमवर आलं की त्याचं अॅसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि त्या क्रियेत इलेक्ट्रॉन सुटतात. वीज वाहते. जेवढं अल्कोहोल, तेवढी वीज. याला इंधनघट म्हणतात. म्हणजे ज्या इथेनॉलवर गाडी चालते त्याच इथेनॉलवर हे यंत्रही चालतं, आणि त्याला ते इंधन पुरवतो तो ड्रायव्हरचा श्वास. कायद्याच्या मर्यादेवर असलेल्या माणसाच्या एक लिटर श्वासात अल्कोहोल असतं फक्त एका मिलिग्रॅमचा सातवा भाग. यंत्र तेवढंही मोजतं. वेलची, पान, माउथ फ्रेशनर यांनी हवालदाराच्या नाकाला फसवता येईल, प्लॅटिनमला वेलचीचा वास येत नाही.

श्वासाची चाचणी द्यायला नकार दिला, किंवा अपघात झाला, तर रक्त घेतात. इथे एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. एरवी सुई टोचण्याआधी दंडाची जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतात. या तपासणीत स्पिरिट चालत नाही, कारण स्पिरिटही अल्कोहोलच. रक्त ज्या बाटलीत भरतात तिच्यात सोडियम फ्लोराइडची पूड असते. ती नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातले जंतू रक्तातल्या साखरेपासून नवं अल्कोहोल बनवू शकतात, अगदी मळीच्या टाकीसारखं. मग सील, सही, वेळ. वेळ सर्वांत महत्त्वाची. कलम १८५ खाली विनावॉरंट अटक केलेल्या माणसाची दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर कलम २०२ प्रमाणे त्याला सोडावं लागतं. दोन तास म्हणजे यकृताच्या हिशेबानं ३० मिलिग्रॅम. नेमकी मर्यादेएवढी पातळी रक्तातून पुसली गेलेली असते.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता. त्याच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात अपघातानंतर कित्येक तासांनी घेतला गेला, आणि पुढे तो बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. त्या प्रकरणाचं न्यायालयात जे व्हायचं ते होईल. तासाला पंधराचा हिशेब माहीत असलेल्याला मात्र ‘कित्येक तासांनी’ या दोन शब्दांतच किती पुरावा विरघळून जातो ते दिसतं.

शिक्षेचं बोलायचं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा चौकात पावती फाडून मिटणारा गुन्हा नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहावं लागतं. परवाना निलंबित होऊ शकतो. गाडी चालवण्याचा नुसता प्रयत्नही कलमात येतो. आणि कलम १८८ फार कमी लोकांना माहीत आहे. पिऊन गाडी चालवायला जो दुसऱ्याला प्रवृत्त करतो त्यालाही तीच शिक्षा. ‘काही होत नाही रे, चल, तूच चालव’ म्हणत किल्ली हातात देणाऱ्या मित्रानं हे कलम वाचावं. शिवाय आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, पिण्यासाठी परवाना लागतो, आणि त्यात रक्तातल्या ५० मिलिग्रॅमची वेगळी रेषा आहे. विमा कंपनीही प्यायलेल्या चालकाच्या गाडीची नुकसानभरपाई नाकारू शकते.

कुणी मेलं तर प्रश्नच बदलतो. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे एक गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालक अॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. चपटीचा वरचा हिशेब आठवा. खालच्या न्यायालयानं हा निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षं दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये ते कायम केलं. मुद्दा ‘जाणीव’ या शब्दाचा होता. इतकं पिऊन इतक्या वेगानं गाडी हाकली तर माणसं मरू शकतात हे चालवणाऱ्याला माहीत असतं, असं न्यायालयानं धरलं. ‘मला शुद्ध नव्हती’ हा बचाव तिथे संपला. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि सदोष मनुष्यवध ठरला तर त्याहून पुष्कळ जास्त.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येतो. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं पन्नास वर्षांपूर्वी गावातल्या दारूच्या भट्ट्या मोडल्या, याचा मला अभिमान आहे. पण सगळा जिल्हा राळेगण होईपर्यंत रस्त्यावरच्या माणसांनी थांबायचं कुणासाठी? म्हणून एक छोटा हिशेब देतो, तो लक्षात ठेवावा ही विनंती. हळदीची रात्र आहे. सत्तर किलोचा माणूस बाराच्या सुमाराला घाईघाईनं चपटी संपवतो आणि झोपतो. सहाला उठतो, चूळ भरतो, चहा घेतो, डोकं हलकं वाटतंय म्हणतो आणि दुधाची किटली मोटारसायकलला अडकवून डेअरीला निघतो. सहा तास, तासाला पंधरा, म्हणजे नव्वद उतरले. रक्तात अजून ३८ आहेत. कायद्याच्या रेषेखाली यायलाच साडेसहा उजाडतील, आणि शून्याला साडेआठ. त्या सकाळी दूध दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या.